ऑपरेशन बिघडलं, आता दाद कुठे मागायची? पोलीस स्टेशन गाठण्याआधी हे वाचा

जुलै १९६३. औरंगाबादचं सरकारी हॉस्पिटल. बाळंतपणासाठी दाखल झालेल्या एका महिलेची प्रसूती नीट झाली. तीन दिवसांनी तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप उतरेना, पोटदुखी थांबेना. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. आधीच्या ऑपरेशनमध्ये तो पोटातच राहून गेला होता. २४ जुलैला ती महिला गेली.

घरच्यांनी सरकारवर दावा लावला. औरंगाबादच्या कोर्टाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, हायकोर्टाने ती रद्द केली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पोटात टॉवेल राहिला, यातच निष्काळजीपणा दिसतो, आणि आपल्या हॉस्पिटलमधल्या चुकीची जबाबदारी सरकारची आहे, असं कोर्टाने सांगितलं. मधे जवळपास ३३ वर्षं गेली होती.

आता दुसरी केस. जून १९९६, चंदीगडचं पीजीआय. सहा वर्षांच्या मुलाची पापणी जन्मापासून खाली झुकलेली होती. त्यावर छोटंसं ऑपरेशन झालं. पण ऑपरेशननंतर पापणी आणखी उतरली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. वडिलांनी तक्रार केली. राज्य ग्राहक आयोगाने ती फेटाळली, राष्ट्रीय आयोगाने ३ लाखांची भरपाई दिली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ती भरपाईही रद्द केली. ऑपरेशननंतर त्रास वाढला यापलीकडे डॉक्टरांचं नेमकं काय चुकलं याचा पुरावा समोर आला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

दोन्हीकडे ऑपरेशन बिघडलं. एकीकडे भरपाई मिळाली, दुसरीकडे नाही. हा फरक समजून घेतला, तर आपल्या केसचं पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज येतो. बिघडलेल्या ऑपरेशननंतर बहुतेक घरांमध्ये पहिले काही महिने रागात, धावपळीत आणि पुढच्या उपचारांत जातात. नेमक्या त्याच महिन्यांत कागद हातातून निसटतात आणि मुदत संपत जाते.

वाईट निकाल आणि निष्काळजीपणा यात फरक काय?

भारतात या विषयावरचा एक जुना आणि आजही आधार म्हणून वापरला जाणारा निकाल कोकणातल्या अपघाताचा आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्याजवळ एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. तिथे पूर्ण भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि त्याच दिवशी रात्री तो गेला. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची जबाबदारी कायम ठेवली.

या निकालात कोर्टाने डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली. केस हातात घ्यायची की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं आणि तो उपचार काळजीपूर्वक देणं. रुग्ण बरा होईलच ही हमी या तिन्हींत कुठेही नाही.

म्हणजे कोर्टात विचारला जाणारा प्रश्न असा असतो : त्याच शाखेचा, सर्वसाधारण कौशल्याचा दुसरा डॉक्टर त्या परिस्थितीत जे वागला असता, तसं इथे झालं का? तो डॉक्टर देशातला सर्वोत्तम असण्याची अपेक्षा नसते. उपचाराच्या दोन मान्य पद्धती असतील आणि त्याने एक निवडली, तर दुसरी बरी ठरली असती म्हणून तो दोषी ठरत नाही.

उदाहरण घेऊ. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर जखमेत जंतुसंसर्ग झाला. हा ज्ञात धोका आहे, सगळी काळजी घेऊनही तो होऊ शकतो. त्यामुळे केवळ संसर्ग झाला म्हणून केस उभी राहत नाही. पण रुग्ण चार दिवस ताप आणि सुजेची तक्रार करतोय, नर्सच्या नोंदीत ताप लिहिलेला आहे आणि तरीही कुणी जखम उघडून पाहिली नाही, तपासणी केली नाही, असं असेल तर केस उभी राहू शकते. कोर्टासमोर प्रश्न येतो तो त्या चार दिवसांचा.

नसबंदीनंतर मूल झालं, अशा केसमध्येही हेच दिसतं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नसबंदी फसली म्हणजे सर्जन निष्काळजी होता असं आपोआप ठरत नाही, कारण नीट केलेली शस्त्रक्रियाही क्वचित फसते.

थोडक्यात, तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही आणि नुकसान त्याच कारणाने झालं. तिसऱ्या मुद्द्यावर अनेक केस अडकतात. चूक झालेली असते, पण रुग्णाचं नुकसान मूळ आजारामुळेही झालं असतं, असं हॉस्पिटल सांगतं.

काही चुका स्वतःच बोलतात

पोटात टॉवेल, कापूस किंवा हत्यार राहिलं, उजव्या पायाऐवजी डावा उघडला, अशा केसमध्ये तज्ज्ञाने येऊन समजावून सांगावं लागत नाही. हे कसं झालं याचा खुलासा हॉस्पिटलनेच करायचा असतो. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की ग्राहक आयोगापुढच्या प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचा अहवाल सक्तीचा नाही, गुंतागुंतीच्या केसमध्येच तो लागतो.

पात्रतेचा मुद्दाही असाच आहे. मुंबईतल्या एका केसमध्ये होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. जी शाखा आपण शिकलोच नाही तिचा उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं. केस लावणं, चरबी काढणं अशा सौंदर्याच्या शस्त्रक्रिया कुठेही होऊ लागल्यात, तिथे ऑपरेशन कुणी केलं आणि त्याची पदवी काय, हा पहिला प्रश्न असायला हवा.

आणि सर्वात दुर्लक्षित मुद्दा म्हणजे संमती. दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या महिलेने फक्त दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व बीजाशयं काढली. आजारावर तो उपचार योग्य असेलही, पण रुग्ण सज्ञान होती, जिवावरचा प्रसंग नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही संमती बेकायदा ठरवली. म्हणजे ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या नीट झालं असलं तरी केस उभी राहू शकते. ‘सगळी जबाबदारी आमची’ अशा छापील कागदावर सही केली म्हणून तुमचे हक्क संपत नाहीत. धोके आणि पर्याय तुम्हाला समजावून सांगितले होते का, हे महत्त्वाचं.

पहिलं काम : फाईल मिळवा

या सगळ्या व्यवस्थेत एक मोठी अडचण आहे. चूक सिद्ध करायची रुग्णाने, आणि चूक झाली तेव्हा तो टेबलावर बेशुद्ध. आत काय घडलं याची नोंद ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच कपाटात. म्हणूनच कायद्याने दिलेला सर्वात उपयोगी हक्क भरपाईचा नसून कागदांचा आहे.

डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत उपचाराच्या नोंदींच्या प्रती देणं बंधनकारक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच नियम लागू आहेत.

मागणी तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात या गोष्टी नावानिशी लिहा :

- पूर्ण इनडोअर केसपेपर, फक्त डिस्चार्ज कार्ड नाही
- ऑपरेशनची नोंद आणि भूलतज्ज्ञाची नोंद
- नर्सिंगचे रोजचे तक्ते, ताप-बीपीच्या नोंदींसह
- सही केलेली सगळी संमतीपत्रं
- तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे, सीटी स्कॅनच्या सीडी
- शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकर, म्हणजे कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर
- तपशीलवार बिल

सरकारी हॉस्पिटलमध्ये हेच कागद माहिती अधिकारातही मागता येतात. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत.

हॉस्पिटलने कागद दिले नाहीत, तर तो नकार स्वतःच तक्रारीचा मुद्दा बनतो. नोंदी लपवणाऱ्या हॉस्पिटलविरुद्ध आयोग प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतो. शिवाय २००४ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की रुग्णाने प्राथमिक केस मांडली की योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार हॉस्पिटलवर जातो. कोणत्या डॉक्टरचं चुकलं हे रुग्णाला नेमकं सांगता आलं नाही, म्हणून हॉस्पिटल सुटत नाही.

फाईल हातात आली की ती त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. शक्यतो दुसऱ्या शहरातल्या. ‘केस करू का?’ असं न विचारता ‘यात तुम्ही वेगळं काय केलं असतं?’ असं विचारा. त्या उत्तरावरून पुढचं बरंचसं ठरतं. तो डॉक्टर म्हणाला की हे कुणाकडेही होऊ शकलं असतं, तर तेही ऐकून घ्या. कोर्टात अनेक वर्षं घालवून हेच ऐकण्यापेक्षा ते बरं.

रुग्ण दगावला असेल आणि शंका असेल, तर पोस्टमॉर्टेमची मागणी लगेच करा. हा निर्णय त्या क्षणी फार जड असतो. पण अंत्यसंस्कार झाल्यावर मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं.

आणि दोन गोष्टी करू नका. हॉस्पिटलमध्ये तोडफोड किंवा मारहाण झाली, तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते. दुसरं, डॉक्टरचं नाव आणि फोटो टाकून ‘खुनी’ म्हणणारी पोस्ट. ती व्हायरल होते, पण बदनामीचा खटलाही तिथूनच सुरू होऊ शकतो. शिवाय समोरचा वकील तीच पोस्ट तुमच्या विरोधात वाचून दाखवतो.

कोणतं दार कशासाठी?

तक्रार करण्याआधी स्वतःला विचारा : मला नेमकं काय हवंय? पैसे, डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई की शिक्षा? प्रत्येकासाठी दार वेगळं आहे आणि प्रत्येक दारावरचं मोजमाप वेगळं.

१. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी व्ही. पी. शांता खटल्यात सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय उपचार ‘सेवा’ असल्याचं ठरवलं आणि रुग्ण ग्राहक झाला. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून बाहेर पडले, असा युक्तिवाद झाला होता. तो मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये फेटाळला.

पैसे भरून घेतलेले सगळे उपचार यात येतात. बिल विमा कंपनीने किंवा तुमच्या नोकरीच्या ठिकाणाने भरलं असेल तरीही. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या आणि काहींवर मोफत उपचार करणाऱ्या हॉस्पिटलमध्ये मोफत रुग्णालाही हा हक्क आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयात निर्धन कोट्यातून ऑपरेशन झालं असेल, तरी दार बंद नाही. मात्र सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय यात येत नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून ग्राहक होता येत नाही.

तक्रार कुठे करायची हे तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, तर उपचारासाठी किती पैसे भरले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे ३ लाखांच्या ऑपरेशनसाठी ८० लाख मागितले तरी केस जिल्हा आयोगातच चालेल. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. ऑपरेशन पुण्यात झालं आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरला तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन तक्रार दाखल होते. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

किती मिळतं? ठरलेला दर नाही. वय, कमाई, आलेलं अपंगत्व, पुढचा खर्च हे सगळं पाहिलं जातं. संमतीच्या ज्या केसबद्दल वर वाचलंत, त्यात त्या महिलेला २५ हजार रुपये मिळाले आणि डॉक्टरांना फी मिळाली नाही. दुसऱ्या टोकाला, कोलकात्यातल्या उपचारांनंतरच्या एका मृत्यूच्या केसमध्ये २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे ६ कोटी रुपये दिले. सहा कोटींची बातमी सगळ्यांना आठवते, पण ती अपवादात्मक केस होती.

२. परवान्यावर कारवाई हवी असेल तर मेडिकल कौन्सिल

एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांसाठी मुंबईतली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या वेगळ्या परिषदा. कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचं नाव नोंदणीतून काढू शकते. भरपाई देऊ शकत नाही.

मग फायदा काय? पंजाबमधली एक केस पाहा. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर रुग्ण महिला दगावली. मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांचं चुकल्याचं नोंदवून त्यांना ताकीद दिली होती, तरी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौन्सिलच्या मताला मोठं महत्त्व आहे असं सांगत २५ लाखांची भरपाई दिली. म्हणजे कौन्सिलचा निष्कर्ष हा एका अर्थाने तज्ज्ञाचा अहवालच, तोही वेगळे पैसे न मोजता. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

अडचण अशी की इथे डॉक्टरच डॉक्टरांबद्दल निर्णय देतात. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद डॉक्टरसाठी आहे, रुग्णासाठी नाही. ही विषमता दूर व्हायला हवी. तोवर रुग्णाला हायकोर्टाचा रस्ता उरतो.

३. शिक्षा हवी असेल तर पोलीस

बहुतेक लोक आधी इथेच जातात आणि इथेच मोजमाप सर्वात कडक आहे. ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं आणि उठसूट अटक करू नये, असंही कोर्टाने बजावलं. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करता येईल अशा प्रकारांच्या यादीत वैद्यकीय निष्काळजीपणा आहे. त्यामुळे ‘पोलीस लगेच एफआयआर घेत नाहीत’ याचा अर्थ दरवेळी ते हॉस्पिटलला सामील आहेत असा होत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं तर नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल शिक्षा दोन वर्षं आणि दंड. मृत्यू नसेल आणि गंभीर इजा झाली असेल तर कलम १२५ आहे.

कोर्ट इतकं जपून का वागतं? केसच्या भीतीने सर्जन अवघड ऑपरेशन हातातच घेईनासे झाले तर तालुक्याच्या गावातला रुग्ण कुठे जाईल, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की फौजदारी केस बारगळली की घरच्यांना वाटतं सगळंच संपलं. तसं नसतं. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला नाही तरी भरपाईची केस वेगळ्या मोजमापाने चालते.

४. सरकारी हॉस्पिटलमध्ये मोफत ऑपरेशन झालं असेल तर

इथे ग्राहक आयोग नाही, पण दिवाणी कोर्ट आहे. औरंगाबादची केस तशीच जिंकली गेली होती. सरकारवर दावा लावण्याआधी सहसा दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुदत दाव्याच्या प्रकारानुसार बदलते, त्यामुळे वकिलाला लवकर विचारा. गंभीर प्रकरणात हायकोर्टात रिट याचिका आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार हेही पर्याय आहेत.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. हेल्पलाइन नंबर १५१००.

एक कमी माहीत असलेलं दार म्हणजे कायमस्वरूपी लोकअदालत. हॉस्पिटलची सेवा तिच्या कक्षेत येते, १ कोटीपर्यंतचा वाद चालतो, कोर्ट फी नाही. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर ती निकालही देऊ शकते. पण त्या निकालावर अपील नाही, आणि ती प्रत्येक जिल्ह्यात नाही.

५. दोष सर्जनचा नसून बसवलेल्या वस्तूचा असेल तर

ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या कंपनीने खुब्याचं ‘एएसआर’ हे कृत्रिम सांधे जगभरातून परत घेतले. धातू घासून त्याचे कण रक्तात जात होते. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात गुन्हा नोंदवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वय आणि अपंगत्वानुसार ३० लाख ते १ कोटी २३ लाख भरपाईचं सूत्र ठरवलं. यात सर्जनने ऑपरेशन नीट केलं असलं तरी रुग्णाचं नुकसान झालं होतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूसाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याचं वेगळं प्रकरणच आहे. म्हणून त्या छोट्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

मुदत : सर्वात जास्त केस इथे हातच्या जातात

ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षं मिळतात. पण ती कधीपासून मोजायची? गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या एका नर्सचं १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तिचं पोट दुखत राहिलं. ती नऊ वर्षं वेदनाशामक गोळ्यांवर काढत राहिली. २००२ मध्ये सीटी स्कॅन झाला, पुन्हा ऑपरेशन झालं आणि पोटातून गॉज निघाला. २००४ मध्ये, म्हणजे गॉज सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तिने तक्रार केली.

२०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत असताना, आणि स्वतः नर्स असताना, तिने मूळ सर्जनकडे जाऊन विचारायला हवं होतं, तपासण्या करायला हव्या होत्या, असं कोर्टाचं म्हणणं. पोटात गॉज राहिला, म्हणजे जी चूक स्वतः बोलते तीच. तरीही केस मुदतीवर गेली.

ऑपरेशननंतर दुखणं थांबत नसेल तर गोळ्या घेऊन दिवस ढकलू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे परत जा, तक्रार केसपेपरवर लिहून घ्या. त्यांचं उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे तपासणी करा आणि तो कागदही जपा. अनेकदा यातूनच दुखणं वेळेत सापडतं आणि केस करायची वेळच येत नाही.

आणि घरात कुणाचं ऑपरेशन बिघडलं असेल, त्याला काही महिने झाले असतील, तर आज दोन गोष्टी करा. ऑपरेशनची तारीख एका कागदावर लिहा आणि तिच्यापुढे दोन वर्षांनंतरची तारीख टाका. मग फाईल मागण्याचा अर्ज लिहायला घ्या. केस करायची की नाही, हे फाईल वाचून ठरवता येईल.